जुन्या आउटबोर्ड मोटरसाठी पर्यायी रेक्टिफायर: निवड, बसवणी आणि हंगामभराच्या वापरानंतरचा अभिप्राय

माझ्या जुन्या, दोन सिलिंडरच्या टू-स्ट्रोक आउटबोर्ड मोटरचा (होडीच्या मागे बाहेरून बसवायच्या इंजिनाचा) रेक्टिफायर, म्हणजे इंजिनावर तयार होणारी वीज बॅटरीला चालेल अशी करणारा भाग, निकामी झाल्यावर मी एका स्वतंत्र उत्पादकाने खास जुन्या इंजिनांसाठी बनवलेला, मूळ जागी थेट बसणारा रेक्टिफायर घेतला. पूर्ण हंगामभर तो वापरून झाल्यावर हा अभिप्राय लिहीत आहे. वस्तू चांगली आहे आणि घेण्यासारखी आहे. मात्र ती ज्या प्रकारे विकली जाते, म्हणजे केवळ इंजिनाचे नाव आणि अश्वशक्ती यांच्या आधारावर, तो प्रकार मला अपुरा वाटतो. रेक्टिफायर निवडताना इंजिनावरच्या नावापेक्षा त्याखालचा स्टेटर (वीज तयार करणारी वेटोळी) कसा आहे, त्यातून किती तारा बाहेर येतात आणि जुना रेक्टिफायर आपले ऋण टोक कोठून घेत होता, या तीन गोष्टी अधिक महत्त्वाच्या आहेत. या तिन्ही नीट जुळल्या तर काम सुरळीत पार पडते. त्यांपैकी एक जरी चुकली तरी नवा सुटा भाग बसूनही बॅटरी उतरलेलीच राहते.

या प्रकारच्या मोटरमध्ये फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला कायम चुंबक बसवलेले असतात आणि त्यांच्याखाली स्टेटरची स्थिर वेटोळी असतात. फ्लायव्हील फिरू लागले की त्या वेटोळ्यांत एसी, म्हणजे दिशा सतत बदलणारी, वीज तयार होते. बॅटरीला डीसी, म्हणजे एकाच दिशेची, वीज हवी असल्यामुळे मध्ये रेक्टिफायर लागतो. त्याच्या पोटात चार डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) पुलासारख्या रचनेत जोडलेले असतात आणि ते एसीच्या दोन्ही अर्ध्या फेऱ्या एकाच दिशेने वळवून बॅटरीकडे पाठवतात. जुन्या लहान व मध्यम मोटरींत एवढीच व्यवस्था असे. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर नसे; चार ते दहा अँपिअर इतका माफक प्रवाह बॅटरीनेच पचवावा असे गृहीत धरलेले असे. फेरे वाढले तरी हा प्रवाह बेसुमार वाढत नाही, कारण फेऱ्यांबरोबर एसीची वारंवारिता वाढते आणि वेटोळ्याचा स्वतःचा विरोधही त्याच प्रमाणात वाढत जातो. म्हणूनच सहा अँपिअरचा स्टेटर पूर्ण वेगातही साधारण सहा अँपिअरच देतो.

बिघाड उशिरा लक्षात येतो याचे कारणही याच रचनेत आहे. अशा बहुतेक मोटरींत इग्निशनची वेटोळी वेगळी असतात, त्यामुळे चार्जिंग पूर्ण बंद पडले तरी इंजिन नेहमीसारखे चालत राहते. काही जुन्या मोटरींत इग्निशनच बॅटरीवर अवलंबून असते, तो अपवाद लक्षात ठेवावा. माझ्या मोटरमध्ये पहिली खूण दिसली ती टॅकोमीटरवर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरवर. काटा मध्येच खाली येई, थरथरे, पुन्हा वर जाई. पुष्कळ आउटबोर्ड मोटरींत टॅकोमीटरला मिळणारे स्पंद स्टेटरच्या एसी तारेवरूनच घेतलेले असतात. म्हणून टॅकोमीटर बिघडणे आणि त्याच सुमारास बॅटरी उतरू लागणे, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की संशय प्रथम रेक्टिफायरवर घ्यावा. टॅकोमीटर बदलण्याची घाई करू नये.

जुना भाग काढून मल्टिमीटरच्या डायोड चाचणीवर तपासला तेव्हा चारपैकी एक डायोड दोन्ही दिशांनी शून्य दाखवत होता, म्हणजे आतून शॉर्ट झाला होता. डायोड दोन प्रकारे मरतो आणि या दोन प्रकारांतला फरक फार कमी ठिकाणी समजावून सांगितला जातो. डायोड उघडा पडला, म्हणजे दोन्ही दिशांनी बंद झाला, तर निम्मे चार्जिंग जाते, पण बाकी काही बिघडत नाही. डायोड शॉर्ट झाला तर निम्मे चार्जिंग जातेच, शिवाय प्रत्येक फेरीच्या एका अर्ध्या भागात स्टेटरची दोन्ही टोके त्या शॉर्ट डायोडमधून आणि शेजारच्या चांगल्या डायोडमधून एकमेकांना जोडली जातात. तो प्रवाह बॅटरीकडे न जाता वेटोळ्यातच फिरत राहतो आणि वेटोळे तापवतो. असे इंजिन ‘चालते आहे ना, मग चालू द्या’ म्हणून तासन्‌तास चालवले तर स्टेटरवरचे राळेचे आवरण मऊ होऊन ओघळते. पुढे रेक्टिफायरच्या कितीतरी पट महाग असलेला स्टेटर बदलावा लागतो आणि त्यासाठी फ्लायव्हील उतरवण्याचा खटाटोप वेगळाच. शॉर्ट डायोड सापडला आणि दुसरा रेक्टिफायर हाताशी नसेल, तर स्टेटरच्या दोन्ही तारा रेक्टिफायरपासून सोडवून, त्यांची टोके वेगवेगळी व नीट झाकून ठेवावीत. ज्या इंजिनाचे इग्निशन स्वतंत्र आहे, ते अशा स्थितीत सुखरूप किनाऱ्याला आणता येते.

नवा भाग मागवण्यापूर्वी स्टेटर तपासणे हा माझ्या मते या सगळ्या कामातील सर्वांत मोलाचा टप्पा आहे. स्टेटरच्या दोन तारांमधला रोध अगदी कमी, बहुतेक वेळा एक-दोन ओहमच्या आत असतो. नेमका आकडा आपल्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तिकेतून घ्यावा. त्यापेक्षा महत्त्वाची चाचणी म्हणजे प्रत्येक तार आणि इंजिनाची बॉडी यांच्यामधली. चार डायोडच्या रेक्टिफायरसाठी येथे मीटरने पूर्ण खंड दाखवला पाहिजे. तेथे थोडीही जोडणी दिसली तर वेटोळ्याचे इन्शुलेशन गेलेले आहे आणि नवा रेक्टिफायर बसवणे म्हणजे नव्या वस्तूचा बळी देणे आहे. फ्लायव्हीलखाली टॉर्चने डोकावून काळी, चकचकीत, ओघळलेली राळ दिसते का तेही पाहावे. पुष्कळ नव्या रेक्टिफायरांवर ‘आठवड्यात जळला’ असा ठपका येतो, त्यामागे न तपासलेला स्टेटर किंवा सैल बॅटरी टोक असण्याची शक्यता मला अधिक वाटते.

आता शोधाविषयी. जुन्या मोटरींच्या सुट्या भागांचा शोध अवघड होण्यामागे उद्योगाचा इतिहास आहे. जॉन्सन आणि एव्हिनरूड ही आउटबोर्ड मोटरींची दोन्ही नावे सांभाळणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. २००१ मध्ये ही नावे बॉम्बार्डिएरकडे आली आणि पुढे त्यांची धुरा वाहणाऱ्या बीआरपीने (बॉम्बार्डिएर रिक्रिएशनल प्रॉडक्ट्स) मे २०२० मध्ये एव्हिनरूड आउटबोर्डचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. अशा वेळी जुन्या इंजिनांच्या मालकांचा आधार उरतो तो सिएरा किंवा सीडीआय इलेक्ट्रॉनिक्ससारख्या, मूळ भागांना पर्यायी भाग बनवणाऱ्या उत्पादकांचा आणि गोदामांत पडून राहिलेल्या जुन्या साठ्याचा. ज्या कंपन्या आजही मोटरी बनवतात त्यांच्याकडूनही तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या इंजिनाचा प्रत्येक भाग मिळेलच असे नाही.

शोध इंजिनाच्या नावाने न करता भागाच्या क्रमांकाने करावा. एकच रेक्टिफायर अनेक वर्षे, अनेक अश्वशक्तींच्या इंजिनांवर वापरला गेलेला असतो. त्यामुळे ‘पंचवीस अश्वशक्तीचा रेक्टिफायर’ अशा शोधातून चुकीचे आणि अपुरे दोन्ही प्रकारचे निकाल मिळतात. मूळ क्रमांकही कालांतराने बदललेले असतात. कंपनी जुना क्रमांक रद्द करून त्याच भागाला नवा क्रमांक देते आणि हे दोनदा-तीनदा घडलेले असू शकते. म्हणून जुना क्रमांक ‘उपलब्ध नाही’ असे दिसले तरी निराश न होता त्याच्या जागी आलेला क्रमांक कोणता हे पाहावे. क्रमांक शोधण्यासाठी इंजिनाचे वर्ष निश्चित ठाऊक हवे. १९८० पासूनच्या जॉन्सन-एव्हिनरूड इंजिनांवर ते मॉडेल क्रमांकातच दडलेले असते. इंग्रजीतील ‘इंट्रोड्यूसेस’ या शब्दाची दहा अक्षरे क्रमाने १ ते ९ आणि शेवटी ० अशी मोजायची, म्हणजे आय १, एन २, टी ३, आर ४, ओ ५, डी ६, यू ७, सी ८, ई ९ आणि एस ०. मॉडेल क्रमांकातील शेवटच्या अक्षराच्या आधीची दोन अक्षरे बहुधा वर्ष सांगतात. तेथे सी आणि आर असतील तर १९८४, ई आणि एन असतील तर १९९२. एवढे कळले की त्या वर्षाचे भागांचे चित्रपत्रक उघडून रेक्टिफायरचा क्रमांक काही मिनिटांत सापडतो. इंजिनावरचे आवरण मधल्या काळात कोणी बदललेले असू शकते, त्यामुळे आवरणावरच्या चित्रावरून वर्ष ठरवणे मात्र धोक्याचे आहे.

क्रमांक मिळाल्यानंतरही समोरचा भाग आणि आपला भाग तारा मोजून ताडून पाहावा. स्टेटरच्या दोन तारा, धन टोकाची एक लाल तार आणि धातूचा तळ हेच ऋण टोक, ही जुन्या मोटरींतील नेहमीची मांडणी. काही भागांना टॅकोमीटरसाठी जादा जोड असतो, काहींना ऋण टोकाची स्वतंत्र काळी तार असते, तर काहींना तारा नसून नट बसवायचे खुंट असतात. स्टेटरमधून एकाच रंगाच्या तीन तारा येत असतील तर तो थ्री फेज प्रकार असू शकतो, आणि त्याला चार नव्हे तर सहा डायोडचा रेक्टिफायर लागतो. मोठ्या इंजिनांत रेक्टिफायर आणि रेग्युलेटर एकाच ठोकळ्यात असतात आणि काहींत तो पाण्याने थंड ठेवलेला असतो. त्या जागी साधा रेक्टिफायर बसवण्याचा विचारही करू नये, कारण तेथे स्टेटर कितीतरी अधिक प्रवाह देतो आणि तो आवरला नाही तर बॅटरी उकळून निघते.

मी विक्रेत्याला तीन साधे प्रश्न विचारले होते: तळ ऋण टोकाला जोडलेला आहे का, तारांचे रंग कोणते, आणि डायोडचे उलट दिशेचे सहनशील व्होल्टेज किती. उत्तर आले ते इतकेच की, ‘आपल्या इंजिनाला बसेल.’ बसला खरा, पण असे उत्तर सुट्या भागांच्या विक्रेत्याला शोभत नाही. तिसरा प्रश्न तर अगदीच महत्त्वाचा आहे. बॅटरी जोडलेली असेपर्यंत रेक्टिफायरवरचे व्होल्टेज बॅटरीच्याच आसपास राहते. पण चालू इंजिनावर बॅटरीचे टोक क्षणभर निसटले तर स्टेटरला आवरणारे काही उरत नाही आणि व्होल्टेज बारावरून कित्येक पटींनी वर उसळते. डायोडची सहनशक्ती कमी असेल तर त्या क्षणातच तो जातो.

हातात आलेला भाग पाहून मात्र समाधान झाले. तळ जाड अॅल्युमिनियमच्या पत्र्याचा, कडा घासून गुळगुळीत केलेल्या, आणि वरचा सगळा भाग काळ्या राळेने बुडबुडा न राहू देता भरलेला. तारा राळेत शिरतात त्या ठिकाणी हाताने हलवून पाहिल्या तर हालचाल नव्हती; जुन्या भागात नेमक्या याच जागी भेग पडून खारे पाणी आत गेले होते. तारेचे टोक किंचित सोलून पाहिले तेव्हा आतले तांबे कथिलाचा मुलामा दिलेले निघाले. खाऱ्या हवेत साध्या तांब्यावर हिरवा कळंक चढतो आणि तो इन्शुलेशनच्या आतून वितभर पसरत जातो, म्हणून हा मुलामा मला फार महत्त्वाचा वाटतो. बोल्टांची दोन्ही भोके मूळ जागेशी तंतोतंत जुळली.

नावडलेल्या गोष्टीही होत्या. एका एसी तारेचा रंग मूळ तारेपेक्षा वेगळा होता. दोन एसी तारा एकमेकींच्या जागी लावल्या तरी रेक्टिफायरला फरक पडत नाही, त्यामुळे ही उणीव घातक नाही. पण लाल तार आणि एसी तार यांची अदलाबदल झाली तर नवा भाग धोक्यात येऊ शकतो, आणि सोबत जोडणीचे एकही चित्र नसताना हा धोका ग्राहकाच्या माथी मारणे बरे नव्हे. दुसरे म्हणजे, तारांच्या टोकांवरचे बुलेट जोड मूळ सॉकेटमध्ये ढिले बसत होते. हाताला ‘टक्’ असे जाणवतच नव्हते. ढिला जोड म्हणजे उष्णता, आणि उष्णता म्हणजे आज ना उद्या जळालेले सॉकेट. मी ते जोड कापून नवे, मुलामा दिलेले जोड पकडीने दाबून बसवले आणि त्यावर आतून डिंक असलेली हीट श्रिंक नळी चढवली. थेट बसणारा म्हणून विकल्या जाणाऱ्या भागाला हे करावे लागू नये.

बसवण्यापूर्वी नवा भाग टेबलावरच तपासून घ्यावा, हा माझा आग्रह आहे. मल्टिमीटर डायोड चाचणीवर ठेवून काळी सळई लाल तारेला आणि लाल सळई आळीपाळीने दोन्ही एसी तारांना लावली की साधारण ०.४ ते ०.७ असा आकडा दिसायला हवा. सळया उलट केल्या की काहीच दिसता कामा नये. मग लाल सळई तळाला आणि काळी सळई आळीपाळीने दोन्ही एसी तारांना लावायची. पुन्हा तसाच आकडा, आणि उलट दिशेने पुन्हा बंद. चारही डायोडचे आकडे एकमेकांच्या अगदी जवळ असावेत. माझ्या भागात ते तसे होते. या चाचणीने आणखी एक गोष्ट सिद्ध होते ती म्हणजे तळ खरोखरच ऋण टोक आहे, आणि विक्रेत्याने न दिलेले उत्तर येथे आपोआप मिळते. विजेचे सुटे भाग एकदा बसवले की परत घेतले जात नाहीत असा नियम पुष्कळ ठिकाणी असतो, त्यामुळे हा तपास बोल्ट लावण्याआधीच होणे इष्ट.

तळ हेच ऋण टोक असल्यामुळे तो जेथे बसतो ती जागा स्वच्छ धातूची असली पाहिजे. जुना भाग काढल्यावर तेथे रंगाचा थर, त्यावर पांढरी क्षाराची पूड आणि बोल्टांच्या भोवती गंज आढळला. पॉलिश पेपरने घासून धातू चकाकेपर्यंत साफ केला, भोकांतले आटे स्वच्छ केले, आणि तळाखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट अगदी पातळ लावून स्टेनलेस बोल्ट दातेरी वॉशरसह कसले. नंतर मीटरने तळापासून थेट बॅटरीच्या ऋण टोकापर्यंतचा रोध मोजला. तो जवळजवळ शून्य आल्यावरच पुढे गेलो. लाल तार सोलेनॉइडच्या (स्टार्टरला वीज जोडणाऱ्या स्विचच्या) बॅटरीकडील खुंटापर्यंत जाते. त्या वाटेवरचा फ्यूज आणि त्याची पकडही काढून पाहावी, कारण फ्यूज शाबूत असूनही त्याच्या पाकळ्यांवर कळंक असतो. बॅटरीच्या खुंटांवर हाताने पिळायचे विंग नट असतील तर ते काढून षट्‌कोनी नट लावून पान्याने कसावेत. लाटांच्या हादऱ्यांनी विंग नट सैल होतो, टोक क्षणभर सुटते, आणि वर सांगितलेली व्होल्टेजची उसळी रेक्टिफायर घेऊन जाते.

काम कसे झाले? विसावलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.५ होते. मंद फेऱ्यांवर ते जेमतेम हलले, जे या प्रकारच्या स्टेटरला साजेसेच आहे. फेरे वाढवताच १३ ओलांडले आणि नेहमीच्या वेगावर १४ च्या थोडे वर स्थिरावले. टॅकोमीटरचा काटा पहिल्याच फेरीपासून शांत राहिला आणि त्याच्या मागे असलेली पोलची निवड (चुंबकांच्या संख्येनुसार लावायचा खटका) बदलावी लागली नाही. दीर्घकाळ चालवून इंजिन बंद केल्यावर रेक्टिफायरवर हात ठेवता येत होता, म्हणजे उष्णता तळातून इंजिनाच्या धातूत नीट उतरत होती. विश्रांतीच्या वेळी बॅटरीतून उलट प्रवाह झिरपतो का हे पाहण्यासाठी लाल तारेच्या मध्ये मीटर मिलिअँपिअरवर लावून पाहिले, काटेकोर शून्य. हंगामाच्या शेवटी तळाभोवती किंचित पांढरी पूड दिसली, ती पुसून वर गंजरोधक फवारा मारला. राळेला भेग नाही, तारा पूर्वीइतक्याच घट्ट आहेत.

या तयार भागाला स्वस्त पर्याय म्हणून अनेक जण सर्वसाधारण उपयोगाचा ब्रिज रेक्टिफायर सुचवतात, आणि त्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. केबीपीसी ३५१० हा चौकोनी ठोकळा मी स्वतः त्याच इंजिनावर काही काळ जोडून पाहिला आहे. ३५ अँपिअर आणि १००० व्होल्ट ही त्याची क्षमता लहान स्टेटरच्या गरजेपेक्षा पुष्कळ अधिक आहे, मध्यभागी बोल्टसाठी भोक आहे आणि वर चार चपटी टोके आहेत. धन टोक इतर तिघांपेक्षा आडव्या दिशेने वळवलेले असते, त्याच्या कर्णावर समोर ऋण टोक, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत एसी. चार्जिंगच्या बाबतीत त्याने तयार भागाइतकेच काम केले. मात्र दोन गोष्टी ध्यानात घ्याव्याच लागतात. पहिली, या ठोकळ्याचा धातूचा तळ आतल्या चारही टोकांपासून अलग ठेवलेला असतो. मूळ भागाप्रमाणे नुसता बोल्टने कसला तर बॅटरीकडे एक थेंबही वीज जाणार नाही. ऋण टोकापासून इंजिनाच्या बॉडीपर्यंत स्वतंत्र जाड तार ओढावीच लागते. दुसरी, त्यावर लिहिलेले ३५ अँपिअर हे त्याचा तळ ५५ अंश सेल्सिअसच्या आत ठेवला तरच खरे. दर क्षणी दोन डायोडांतून प्रवाह जातो, प्रत्येकावर साधारण एक व्होल्ट खर्ची पडतो, म्हणजे दहा अँपिअरला सुमारे वीस वॉट उष्णता तयार होते. ती धातूच्या सपाट भागात उतरवली पाहिजे. इंजिनाच्या आवरणाखाली तारांना लटकत ठेवलेला ब्रिज टिकणार नाही.

त्याची खरी उणीव वीज नसून पाणी आहे. वरची चारही टोके उघडी असतात आणि खाऱ्या हवेत ती फार दिवस स्वच्छ राहत नाहीत. गोड्या पाण्यातील मोटरसाठी, किंवा टोके सोल्डर करून त्यावर समुद्री वापराचा सीलंट नीट भरण्याची तयारी असलेल्यांसाठी, मी हा पर्याय मोकळ्या मनाने सुचवीन. खाऱ्या पाण्यावर रोज चालणाऱ्या मोटरसाठी मात्र राळेने भरलेला तयार भागच घ्यावा. मी ब्रिजला तारा आणि जोड लावून, झाकून, होडीवरच्या हत्यारांच्या डब्यात ठेवला आहे. वाटेत रेक्टिफायर गेला तर हात लावता येईल असा तो सुटा भाग आहे. काही जण एक अँपिअरचे चार सुटे डायोड सोल्डर करून काम भागवण्याचा सल्ला देतात, तो मात्र अजिबात ऐकू नये. सहा अँपिअरच्या स्टेटरपुढे ते डायोड तग धरणार नाहीत, आणि त्यातला एखादा शॉर्ट होऊन मेला तर स्टेटर पणाला लागतो.

गोदामातला जुना, न वापरलेला मूळ भाग मिळत असेल तर? मनाला तो अधिक पटतो हे मी समजू शकतो. रंग जुळतात, जोड जुळतात, इंजिन पुन्हा मूळ रूपात दिसते. पण दशकानुदशके पडून राहिलेल्या राळेला बारीक भेगा पडलेल्या असू शकतात आणि तारांचे आवरण कडक झालेले असते. तो घ्यायचाच असेल तर वर सांगितलेली डायोड चाचणी करून, तार वाकवून पाहून मगच घ्यावा. दुसऱ्या इंजिनावरून काढलेला वापरलेला भाग घेण्यात मला काहीच शहाणपण दिसत नाही.

एका प्रश्नावर या रेक्टिफायरच्या उत्पादकाने स्पष्ट लिहायला हवे होते, तो म्हणजे बॅटरीचा. हा भाग व्होल्टेज आवरत नाही. बॅटरी भरल्यानंतरही दूरवर पूर्ण वेगाने जात राहिल्यास माझ्या मीटरवर व्होल्टेज १५ च्या पुढे जाताना दिसले. झाकणे उघडून पाणी घालता येणारी जुन्या पद्धतीची लेड-अॅसिड बॅटरी हे सहन करते. तिची पातळी वेळोवेळी पाहून डिस्टिल्ड वॉटर घातले की झाले. बंद प्रकारच्या, एजीएम किंवा जेल बॅटऱ्यांतून गेलेले पाणी परत घालता येत नाही, त्यामुळे त्या अकाली मरतात. लिथियम बॅटरीचा प्रश्न तर आणखी नाजूक आहे. भरल्यावर तिचे संरक्षक सर्किट स्वतःच जोड तोडते, आणि चालू इंजिनावर बॅटरी तोडणे म्हणजे रेक्टिफायरवर व्होल्टेजची उसळी सोडणे. हाच धोका बॅटरी निवडण्याच्या फिरत्या स्विचमध्येही असतो. इंजिन चालू असताना तो ‘बंद’ या खुणेवरून कधीही नेऊ नये. ज्यांना नव्या प्रकारची बॅटरी किंवा मासे शोधण्याचे नाजूक उपकरण जोडायचे आहे, त्यांनी साधा रेक्टिफायर न घेता त्याच स्टेटरसाठी सुचवलेला रेग्युलेटरसह रेक्टिफायर शोधावा. मोटरसायकलचा रेग्युलेटर लावणारे लोक आहेत आणि तो चालतोही, पण तो सिंगल फेजचा आहे ना हे आधी पाहावे; शिवाय त्यातले बरेच प्रकार जादा वीज स्टेटरलाच शॉर्ट करून जिरवतात, त्यामुळे बॅटरी भरलेली असताना जुन्या वेटोळ्यावर सतत पूर्ण भार राहतो, हे समजून उमजून स्वीकारावे.

पाण्याची झाकणे असलेली बॅटरी, निरोगी सिंगल फेज स्टेटर आणि तळावरून ऋण टोक घेणारी मूळ मांडणी असलेल्या मोटरच्या मालकांनी हा भाग निःशंकपणे घ्यावा. पाचपैकी चार गुण मी त्याला आनंदाने देईन. कापलेला एक गुण ढिल्या जोडांसाठी आणि नसलेल्या जोडणीच्या चित्रासाठी आहे. उत्पादकाने पाकिटात बोटभर कागदावर तारांचे रंग, तळ ऋण टोक असल्याची सूचना आणि ‘रेग्युलेटर नाही’ ही ओळ छापली, तर तोही गुण देण्यास माझी हरकत नाही.